फुलाखालचा ठिपका

पौष लागला की आमच्याकडे सगळी शुभकार्यं एकदम थांबतात आणि ज्वारी मात्र ऐन भरात येते. मुहूर्त नाही, लग्नाची बोलणी नाहीत, नव्या वास्तूत पाऊल नाही. महिन्याला तोंडानं भाकड म्हणायचं आणि त्याच महिन्यात दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन कुणाच्या तरी शेतात जाऊन पोटाला तडस लागेपर्यंत खायचं, ही आम्हा जालनेकरांची रीत. यंदाही अंबड रस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागल्या आहेत. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी वाजवत कारखान्याकडे चाललेत आणि त्यांच्यामागे अडकलेल्या एसटीतली माणसं खिडकीला डोकं टेकून निमूट बसली आहेत. मी सकाळचा चहा घेऊन गच्चीवर जाते. थंडीत अंगाला ऊन सगळ्यांनाच लागतं, मला ते कामाला लागतं.

पौषातलं सकाळचं ऊन तिरपं येतं. दुपारचं ऊन वरून पडतं आणि जे असेल ते सपाट करून टाकतं. तिरपं ऊन मात्र चहाडखोर असतं. नाण्यावर कुणी कधीकाळी सुईनं ओढलं असेल, तर त्या रेघेलाही ते सावली पाडून दाखवतं. म्हणून वर्षभर साठवलेली शंकास्पद नाणी मी पौषात काढते. एका हातात दहापटीचं भिंग, दुसऱ्या हातात चिमटीत काठानं धरलेलं नाणं, आणि चहा निवून जातो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मुलं मागून मला 'चिल्लर मॅडम' म्हणतात. ते मला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर फारसं लागतही नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या रोजच्या नाण्यावर सालाच्या खाली, ते कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याची खूण असते. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, मुंबईचा शंकरपाळ्यासारखा चौकोन. कोलकात्याची खूण कोणती, असं मी वर्गात कधी विचारलं की पोरं भिंगातून बघूनबघून थकतात. कोलकात्याची खूण म्हणजे काही नसणं. आणि सगळी लबाडी इथूनच सुरू होते. खूण चिकटवायला हात कसबी लागतो, खरवडायला कुणाचाही चालतो. कोलकात्याचं एखादं नाणं दुर्मीळ असलं की त्या सालच्या दुसऱ्या नाण्याचा ठिपका घासून टाकायचा, काम झालं.

घासलेलं ओळखायचं कसं, तर चकाकीवरून. टांकसाळीतून आलेली चकाकी जिवंत असते, नाणं फिरवलं की तीही नाण्यावरून फिरते. घासलेल्या जागेची चकाकी एका जागी बसून राहते. चिकटवलेल्या खुणेच्या पायाशी बारीकशी शिवण दिसते, खऱ्या खुणेला शिवण नसते, कारण ती नाण्याच्या अंगातूनच वर आलेली असते. हे एकदा कळलं की माणूस बिघडतो. मी बिघडलेली आहे. दुकानदारानं सुटे दिले तरी मी आधी सालाखाली बघते.

फोनवर कुठल्या कुठल्या चित्रफिती फिरायला लागल्यापासून माझ्याकडे येणारेही वाढलेत. अमुक खुणेचं नाणं असेल तर तुम्ही बसल्याजागी श्रीमंत, असं त्यात कुणीतरी ओरडून सांगत असतं. मग रुमालात गुंडाळलेलं नाणं घेऊन शेजारचे गृहस्थ येतात. "मॅडम, बघा ना, याच्यावर चांदणी हे." मी बघते आणि सांगते, "हैदराबादचं आहे. भाजी आणा याची." त्यांचा चेहरा पडतो. खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं गोड करून सांगणं त्याहून जमत नाही. आमची आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाडही नाही आणि तूपही नाही.

पण एकदा, असाच पौष होता, मला नुसतं खरं-खोटं सांगायचं होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. अख्खा महिना.

ऋतुजा माझी भाची. म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती मुलगी. बियाण्यांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची. तिथंच अमोल होता. घनसावंगीकडचा, शेतातल्या वस्तीवर वाढलेला, आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आता कापूस आणि ऊस. मुलगा शांत, बोलण्यात आदब. दोघांनी आपसांत ठरवलं आणि ऋतुजानं एका जेवणाच्या ताटावर ते जाहीर केलं. दादा पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्यानं कालव्याला कुठं गळती आहे ते शोधलं. त्यानं ताटातला भात संपवला, हात धुतला आणि म्हणाला, "बघू."

आमच्या घरात कुणी वाईट बोललं नाही. आम्ही शिकलेली माणसं, वाईट बोलत नाही. आम्ही फक्त विचारतो, मूळ गाव कुठलं? मामाचं आडनाव काय? घरी कोणकोण शिकलेलं? माणूस कुठल्या टांकसाळीत पडला ते आधी बघायचं, मग त्याच्याशी हसायचं की नाही ते ठरवायचं. दादाला नकार द्यायचा होता आणि नकाराला कारण मिळत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, घर खाऊनपिऊन सुखी. नुसतं 'आपल्यातले नाहीत' एवढं म्हणायची आता त्याला स्वतःलाच लाज वाटायची. हेही त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मार्गशीर्ष सरता सरता अमोलचे आईवडील आले. पौषात काही ठरवता येत नाही, म्हणून त्याआधी निदान पोरीची ओटी भरून जावी, असं त्यांचं म्हणणं. काशिनाथराव, म्हणजे अमोलचे वडील, सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, धक्का लागला तर उभंच राहावं लागेल इतके कडेला. पांढऱ्या सदऱ्याला इस्त्रीच्या घड्या तशाच होत्या. अमोलच्या आईनं नारळ, खण, गहू घातले आणि मग काशिनाथरावांनी खिशातून एक लाल मखमलीची डबी काढली. आत चांदीचा रुपया होता. इंग्रजांच्या वेळचा, राजाच्या तोंडवळ्याचा. आमच्याकडे जुनी माणसं त्याला कलदार म्हणतात, कारण निजामाचा रुपया वेगळा चालायचा.

"घरातला हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमाला यातलं कळतं म्हनं. डाग व्हता त्याला. काढून आनला सोनाराकडून. आता बिलकुल बराबर झालाय."

ऋतुजानं तो रुपया ओटीतून उचलून सरळ माझ्या हातात दिला. केवढ्या अभिमानानं दिला. भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. या रुपयाच्या मागच्या बाजूला वेलबुट्टी असते, तळाशी कमळाचं फूल, आणि मुंबईत पाडलेला असेल तर त्या फुलाखाली खसखशीएवढा ठिपका, कारण तेव्हा मुंबईची खूण ठिपकाच होती. मी साल वाचलं. त्या सालचे रुपये एकट्या मुंबईत पडले, कोलकात्यात पडलेच नाहीत, हे मला तोंडपाठ. म्हणजे ठिपका असलाच पाहिजे. मी फुलाखाली बघितलं. ठिपका नव्हता. त्या जागी एक गुळगुळीत, मेलेली चकाकी होती.

"काय गं सुमे?" दादानं विचारलं. "चांगलं आहे ना?"

मी तोंड उघडलं आणि लगेच काही बोलले नाही. घोटभर चहा प्यावा एवढाच वेळ गेला असेल. मग म्हणाले, "छान आहे." पण दादा मला लहानपणापासून ओळखतो. मी 'छान' हा शब्द कशालाही वापरत नाही.

पाहुणे गेल्यावर तो मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाला, "काय दिसलं?" मी म्हटलं, "नीट बघायला हवं." तो म्हणाला, "बघ. पौष आहेच महिनाभर. त्यांनी हुरड्याला बोलावलंय, तोवर सांग. खोटं नाणं ओटीत घालणाऱ्या घरात मी मुलगी देणार नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

ऋतुजानं रुपया माझ्याकडेच ठेवला, सांभाळायला. मग रोज सकाळी मी गच्चीवर आणि तो माझ्या चिमटीत. फरशीवर वाजवून पाहिला, खणखणीत वाजला. चांदी खरी. राजाच्या दाढीचे केस, मुकुटावरची नक्षी, सगळं टांकसाळीचंच. ओतीव खोट्या नाण्याला बारीक सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, तसलं काही नाही. प्रयोगशाळेच्या तराजूवर किंचित हलका भरला. आणि मग ती जागा. फुलाखालच्या त्या जागी भिंगातून एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसत होत्या. कानशीचं काम. काठाचे दातेही तेवढ्याच भागात बुजलेले आणि त्या बुजलेल्यात किंचित पिवळट झाक. कुणीतरी बसून, जीव लावून ही जागा साफ केली होती.

का केली असेल? एकदा संशय आला की माणूस किती हुशारीनं विचार करतो. मुंबईचा ठिपका काढला की रुपया कोलकात्याचा होतो, आणि त्या सालचा कोलकात्याचा रुपया जगात कुठे नाही. म्हणजे अजूबाच की. अशी वस्तू बनवून कुणाला दाखवायची? नाण्यांचा नाद असलेल्या एखाद्या बावळट आत्याला. अमोलला ऋतुजानं माझ्याबद्दल सांगितलेलंच होतं. आत्या खूश झाली की तिच्या भावाचं मन वळणार, असा हिशेब. आणि वर तोंडावर सांगायचं, डाग होता तो काढून आणला. टांकसाळीच्या खुणेला डाग म्हणायचं. हा माणूस अडाणी आहे की अतिशहाणा, एवढंच ठरायचं बाकी होतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, मी तर काठाच्या दात्यांतही पिवळं पाहत होते.

कडी काढलेली नाणी मी कमी पाहिलेली नाहीत. पूर्वी गळ्यातल्या माळेसाठी रुपयाला कडी जोडून घ्यायचे, पुढे कधीतरी ती तोडून विकायचे. ते घासकाम मी लांबून ओळखते. पण कडी नेहमी वर असते, राजाच्या मुकुटापाशी, म्हणजे राजा सरळ लटकतो. इथे घासलं होतं ते बरोबर तळाशी, बरोबर खुणेवर. म्हणून ती शक्यता मी पहिल्याच दिवशी मोडीत काढली होती.

ऋतुजा मधे एकदा आली. कामावरून परस्पर, हेल्मेट हातातच. गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाली, "आत्या, तुला जे दिसलंय ते मला सांग."

"अजून नक्की नाही."

"तू गप्प बसलीस तेवढ्यानंच बाबांनी अर्धं लग्न मोडलंय. उरलेलं अर्धं तुझ्या हातात आहे."

मी तिला सांगितलं असतं. पण काय सांगणार? खूण घासलेली आहे, हे खरं. कुणी आणि का, हे मला माहीत नव्हतं, आणि दादाला त्या दुसऱ्या प्रश्नाची गरज नव्हती. माझं निम्मं खरं त्याला पुरेसं होतं. तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग ती खाली गेली आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लहानपणी ही पोर ताप आला की माझ्या मांडीवरून उतरायची नाही. तिचं घर मोडण्याचं काम माझ्या भिंगाकडे यावं, याचा मला संताप आला. नाण्यावर, दादावर, त्या मखमली डबीवर, सगळ्यांवरच.

हुरड्याच्या दिवशी आम्ही दादाच्या गाडीतून निघालो. वहिनींनी डब्यात तिळाच्या वड्या घेतल्या होत्या, त्या त्यांनी दोनदा उघडून पाहिल्या. घनसावंगीच्या अलीकडे गाडी कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, पाखरं राखायला बांधलेल्या चकचकीत फिती वाऱ्यावर फडफडतायत, वेचून उरलेल्या कापसाचे पांढरे पुंजके काटक्यांना लटकलेले. उतरलो तेव्हा दादा हळूच म्हणाला, "महिना झाला, सुमे." मी म्हटलं, "जाताना सांगते." तो म्हणाला, "जाताना नाही. इथून उठायच्या आत."

लिंबाखाली आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या राखेत कणसं खुपसलेली, धुराला तो गोडसर हिरवा वास. काशिनाथराव कणीस काढायचे, हातावर चोळायचे, फुंकर घालून कोंडा उडवायचे आणि हिरवे मोत्यासारखे दाणे पुढे करायचे. दादासाठी खास प्लास्टिकची खुर्ची आणली होती. बाकी आम्ही सगळे पोत्यावर. दादानं हुरड्याला अजून हात लावला नव्हता. "घ्या ना साहेब, गरम हाय तवर," काशिनाथराव म्हणत होते, आणि दादा म्हणत होता, "घेतो, घेतो."

मला ते बघवेना. मी उठून पलीकडे गेले. तिथं उन्हात काशिनाथरावांची आई बसली होती. घरातले सगळे तिला जिजी म्हणत. सुरकुत्यांनी भरलेलं तोंड, हिरवं लुगडं, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली कलदारांची माळ.

मी नमस्कार केला आणि सवयीनं माझी नजर माळेवर गेली. पहिली गोष्ट दिसली ती ही की सगळे राजे उलटे. मुकुट खाली, गळा वर. प्रत्येक रुपयाला कडी होती ती तळाशी, कमळाच्या फुलाच्या बाजूला. दुसरी गोष्ट दिसली ती ही की माळेच्या बरोबर मध्ये, जिथं सगळ्यात चांगला रुपया असायचा, तिथं एक लाल मणी होता. नवा.

"जिजी, मधला कुठाय?" मी विचारलं.

"काशीनं नेला की. तुमच्या पोरीच्या वटीत घालाया." तिनं लाल मणी बोटानं चाचपला. "मी म्हनलं, आसाच दे, कडीसंगट. सोनारानं पक्का डाग दिल्ता त्याला, इतक्या वरसांत हालला न्हाई. तं म्हने न्हाई जिजी, त्या लोकांत गळ्यातलं उतरवलेलं चालत न्हाई. मंग सोनाराकडून डाग काढून आनला."

डाग दिला होता. डाग काढून आणला. पुस्तकातला शब्द डाख, आमच्या बोलण्यात डाग. गळक्या बादलीला देतात तो डाग, भांड्याच्या मोडक्या कानाला देतात तो डाग, दोन धातू जोडतो तो. मी रसायनशास्त्र शिकवते, हा डाग कशाचा बनतो ते फळ्यावर लिहून देते. त्याची पिवळट झाक मी महिनाभर भिंगातून पाहत होते. आणि तो माणूस माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, साध्या मराठीत सांगून गेला होता. मला मात्र डाग म्हटलं की डागच ऐकू आला.

"पण कड्या खाली का? राजा उलटा लटकतो ना अशानं," मी विचारलं.

जिजी हसली. "तुमाला उलटा दिसून राह्यला. माळ कुनाच्या गळ्यात हे? मी खाली बघितलं की मला बराबर दिसतो." आणि तिनं मान वाकवून एक रुपया बोटावर उचलून दाखवला. राजा तिच्या नजरेला अगदी सरळ होता.

तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. "काशिनाथराव, एक विचारायचं होतं. तो रुपया. आमच्या बहिणीला त्यात काहीतरी दिसलंय."

मी वळले. काशिनाथरावांचा कणीस चोळणारा हात थांबला. अमोल उभा राहिला. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलंच व्हतं," काशिनाथराव खालमानेनं म्हणाले. "ताईंच्या भिंगातून सुटनार न्हाई. सोनार म्हनला व्हता, बिलकुल दिसनार न्हाई म्हनून. चूक झाली, साहेब."

"म्हणजे तुम्ही स्वतः घासून घेतलंत?"

"व्हय. मीच सांगितलं त्याला. तुमच्यासारख्यांना तसाच कसा द्यायचा."

दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. एकाला वाटत होतं समोरचा फसवणूक कबूल करतोय. दुसऱ्याला वाटत होतं आपलं गरीबपण पकडलं गेलंय. दादा खुर्चीतून उठला. वहिनींकडे बघून म्हणाला, "चला."

आमच्यामधे दहा-बारा पावलांचंच अंतर असेल. ते चालून जाताना माझ्या मनात काय काय आलं. मी बोलले तर लग्न वाचणार होतं. पण त्या माणसानं एवढ्या कष्टानं जे झाकलं होतं, तेच सगळ्यांसमोर उघडं करून मला त्याला वाचवायचं होतं. आणि त्याची परवानगी घ्यायला वेळ नव्हता.

"दादा, बस खाली," मी म्हणाले. एरवी मी त्याला असं कधी बोलले नाही. "नाणं खरं आहे. जिजींच्या गळ्यातलं आहे. माळेत मधोमध होतं. त्याला कडी होती, ती काढताना खालची खूण घासली गेली. डाग म्हणजे जोड, दादा. बादलीला देतात तो. त्यांनी आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लपवलं ते एवढंच, की ते त्यांच्या आईच्या गळ्यातलं आहे. आणि लपवलं ते आपल्यामुळे."

काशिनाथरावांनी चटकन जिजीकडे पाहिलं. जिजीला लांबून ऐकू आलं नव्हतं, ती आपल्या उन्हात बसली होती. लाल मणी इथूनही दिसत होता. दादानं तो पाहिला. त्याला हिशेब करायला वेळ लागत नाही, आयुष्यभर त्यानं तेच केलंय. तरी तो खाली बसला नाही. राखेत एक कणीस फटकन तडकलं.

"मग कडीसकट द्यायचा ना," तो शेवटी म्हणाला. आवाज अजून चढाच होता, पण राग कुणावर काढावा ते त्याला सापडत नव्हतं. "आईच्या गळ्यातलं आहे असं सांगून द्यायचा. त्यात झाकण्यासारखं काय होतं?"

काशिनाथरावांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी दादाच्या डोळ्यांत बघितलं.

"घेतला असता का तुमी, साहेब?"

सभ्य माणसानं अशा वेळी 'हो, का नाही' म्हणायचं असतं. आम्ही सगळे त्याच सभ्य घरातले. वहिनींनी तर ते म्हणायला ओठही उघडले होते. ऋतुजा बापाकडे बघत होती, आणि मला माहीत होतं, तो आता खोटं बोलला तर ही पोर लग्न करेल, पण या बापाकडे पुन्हा तशी बघणार नाही.

"नसता घेतला," दादा म्हणाला.

काशिनाथरावांनी हळूहळू मान हलवली. रागानं नाही. भाव पटला की बाजारात माणूस हलवतो तशी. "मंग बराबरच केलं म्हनायचं मी," ते म्हणाले. त्यांनी राखेतलं कणीस काढलं, तळहातावर चोळलं, कोंडा फुंकला. मग दादाचा हात आपल्या हातात घेऊन उघडला आणि दाणे त्यात ओतले. "जरा दमानं, साहेब. चटका बसंल."

दादानं दम धरला नाही. सगळे दाणे एकदम तोंडात टाकले आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते चटक्याचं होतं, असं तो आपल्या व्याह्यांना अजूनही सांगतो.